‘आजारापूर्वी’चा रकाना

“आजारापूर्वी तुम्ही न थांबता किती मजले चढत होता?” संशोधन समन्वयक बाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. जिने चढत होते एवढे आठवत होते. पण कितव्या मजल्यावर धाप लागायची, मुळात लागायची की नाही, हे लक्षात ठेवण्याची वेळच कधी आली नव्हती. बाई पेन उचलून थांबल्या होत्या आणि रकाना रिकामा सोडता येत नाही असेही त्यांनी सांगितले होते. मी “तीन” म्हणाले. ते तीन पुढची दोन वर्षे माझ्या नावाऐवजी असलेल्या क्रमांकासमोर राहिले आणि माझी प्रत्येक सुधारणा व प्रत्येक घसरण त्या अंदाजाने सांगून टाकलेल्या आकड्याशी ताडून पाहिली गेली.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. अकरा दिवस रुग्णालयात होते, त्यांपैकी सात दिवस मास्कमधून प्राणवायू द्यावा लागला. त्यापुढच्या यंत्रावर जाण्याची वेळ आली नाही. घरी परतल्यावर दीड महिन्याने रुग्णालयातून फोन आला. कोरोनातून बऱ्या झालेल्या रुग्णांवर आजाराचे काय परिणाम राहतात हे पाहण्यासाठी दोन वर्षांचा पाठपुरावा करणारा अभ्यास सुरू होत होता आणि त्यात मी सहभागी होईन का, अशी विचारणा होती. तीन, सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी अशा पाच भेटी, प्रत्येक भेट साधारण अर्ध्या दिवसाची. औषध काहीही दिले जाणार नव्हते.

संमतिपत्र चौदा पानांचे होते. ते घरी नेऊन वाचण्याची, घरच्यांशी बोलण्याची मुभा होती. किंबहुना तसे करावे असा बाईंचा आग्रहच होता. मी ते हातातल्या सवयीने तांबडे पेन घेऊनच वाचले, आणि पाचव्या पानावर ‘फुप्फुस’ व नवव्या पानावर ‘फुफ्फुस’ पाहून दोन्हींभोवती गोल केला. दुसऱ्या दिवशी ते दाखवल्यावर बाई हसल्या. “ताई, तुमचं बरोबर आहे, पण यातलं एक अक्षर बदलायचं तरी कागद पुन्हा एथिक्स कमिटीकडे जातो.” प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख होती ती त्यासाठीच. कोणत्या सहभागीने नेमक्या कोणत्या मजकुराला होकार दिला हे पुढे कधीही दाखवता आले पाहिजे. आमच्या व्यवसायात इतकी शिस्त असती तर माझे निम्मे काम वाचले असते.

त्या चौदा पानांत सगळे स्पष्ट लिहिले होते. माहिती नावाने नव्हे तर क्रमांकाने साठवली जाईल, कारण न देता केव्हाही बाहेर पडता येईल, बाहेर पडल्यास नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, मात्र तोवर गोळा झालेली माहिती अभ्यासात राहील. “या अभ्यासात सहभागी झाल्याने तुम्हाला थेट वैद्यकीय लाभ होईलच असे नाही” हे वाक्यही होते. मी ते वाचले, त्याखाली सही केली, आणि तरीही जवळजवळ वर्षभर मी तिथे बरी व्हायला जाते आहे असे मनाशी धरून चालले. इतक्या साऱ्या तपासण्या करणारी माणसे माझ्यासाठी काहीतरी करत असणारच, असे वाटत राहते. डॉक्टर तेच, इमारत तीच, रक्त काढणारी सुईही तीच. त्यामुळे उपचार आणि संशोधन यांतली रेघ डोळ्यांना दिसत नाही. संशोधनातल्या लोकांना हा गोंधळ चांगला परिचयाचा आहे, आणि म्हणूनच ते वाक्य प्रत्येक संमतिपत्रात असते, हे मला नंतर कळले.

होकार देण्यामागे माझे कारण मात्र पक्के होते. रुग्णालयात मला रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिले जात होते. हे जुने, स्वस्त स्टेरॉइड कोरोनात उपयोगी पडते की घातक ठरते, याबद्दल २०२० च्या सुरुवातीला डॉक्टरांमध्ये एकमत नव्हते. उत्तर मिळाले ते ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या चाचणीतून. तिथे २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन आणि ४,३२१ रुग्णांना केवळ नेहमीचे उपचार, अशी वाटणी संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखी केली होती. कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या रुग्णांपैकी २८ दिवसांत नेहमीच्या उपचारांखाली ४१.४ टक्के दगावले, डेक्सामेथासोन घेणाऱ्यांत २९.३ टक्के. नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांत हे प्रमाण २६.२ विरुद्ध २३.३ टक्के होते. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र कसलाही फायदा दिसला नाही. उलट आकडे किंचित विरुद्ध दिशेला झुकलेले होते. जून २०२० मध्ये हे जाहीर झाले आणि दहा महिन्यांनी, प्राणवायू लावल्याच्या पहिल्याच दिवशी, ते औषध माझ्या केसपेपरवर आले. त्या सहा हजारांवर माणसांनी, किंवा त्यांच्या वतीने त्यांच्या नातलगांनी, ऐन संकटात चिठ्ठीला होकार दिला होता. त्यांच्यापैकी अनेक जण वाचले नाहीत. मला तर कोणी चिठ्ठी टाकायलाही सांगत नव्हते, फक्त चालायला आणि फुंकायला सांगत होते.

त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाचा कोरोनात उपयोग नाही हे दाखवले, आणि बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्माचाही. प्लाझ्माच्या भागात अकरा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण सारखेच, २४ टक्के निघाले. माझ्या आजारपणात माझा धाकटा भाऊ दोन रात्री प्लाझ्मासाठी फोन करत बसला होता. ‘उपयोग नाही’ हेसुद्धा एक उत्तर असते आणि ते मिळवायलाही हजारो माणसे लागतात, हे त्याला समजावताना मला स्वतःलाच प्रथम नीट समजले.

पहिली भेट जुलैमध्ये झाली. उंची, वजन, रक्तदाब, रक्ताच्या सात नळ्या हे सोपस्कार झाल्यावर सहा मिनिटे चालण्याची चाचणी होती. तीस मीटर लांबीची सरळ मोकळी मार्गिका, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू, आणि त्यांच्याभोवती वळसे घेत सहा मिनिटांत जमेल तितके अंतर कापायचे. धावायचे नाही, थांबावेसे वाटले तर भिंतीला टेकून थांबायचे, पण घड्याळ थांबत नाही. मला सर्वांत चमत्कारिक वाटले ते तंत्रज्ञाचे बोलणे. एरवी गप्पिष्ट असलेला तो तरुण चाचणी सुरू होताच यंत्रासारखा झाला. दर मिनिटाला तो एकच ठरावीक वाक्य ठरावीक सुरात म्हणत असे: “छान चालले आहे. आता पाच मिनिटे उरली.” मग चार, मग तीन. मी चौथ्या मिनिटाला त्याला काहीतरी विचारले, त्याने उत्तर दिले नाही. चाचणी संपल्यावर त्याने खुलासा केला की शब्द ठरवून दिलेले असतात, कारण एखाद्याला प्रेमाने “चला, चला, अजून थोडं!” म्हटले की तो अधिक चालतो, आणि मग ते अंतर फुप्फुसांचे राहत नाही, प्रोत्साहनाचे होते. मी ३४२ मीटर चालले. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९७ वरून ९१ वर उतरला होता. दम किती लागला हे शून्य ते दहा या मापावर सांगायचे होते. मी सात म्हणाले, आणि लगेच सहा की सात यावर स्वतःशीच हुज्जत घालत बसले.

त्यानंतर फुप्फुसांची वायू शोषून घेण्याची क्षमता मोजायची होती. नाकाला चिमटा, तोंडात नळी, संपूर्ण श्वास सोडून मग अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला वायू छातीभर घ्यायचा आणि दहा सेकंद रोखायचा. हा वायू रक्तात चटकन शिरतो, म्हणून बाहेर पडलेल्या श्वासात तो किती कमी झाला यावरून फुप्फुसाचा पडदा किती चांगले काम करतो ते कळते. आजारानंतर तिसऱ्या महिन्यात दहा सेकंद किती लांब असतात, ते त्या खोलीत कळले. पहिले दोन प्रयत्न खोकल्याने वाया गेले. तिसऱ्याला आकडा आला: अंदाजित मूल्याच्या ६८ टक्के.

हे ‘अंदाजित मूल्य’ काय असते, असे मी डॉक्टरांना विचारले. माझ्या वयाच्या, उंचीच्या निरोगी स्त्रीची ही क्षमता सरासरीने जितकी असते तितकी. म्हणजे ती माझी नव्हेच. समजा, आजारापूर्वी माझी क्षमता त्या सरासरीच्या ११० टक्के असती आणि आता ८५ वर आली असती, तर अहवालात ‘सामान्य’ असे छापून आले असते आणि माझा जवळजवळ चौथा हिस्सा हरवल्याची कोणालाही दाद लागली नसती. उलट मी मुळातच ७२ वर असेन, तर आजाराने फारसे काही नेलेच नाही. डॉक्टर म्हणाले, “बरोबर. म्हणूनच जुना रिपोर्ट असला तर आणा.” धडधाकट माणूस कशाला फुप्फुसे मोजून ठेवेल? माझ्याकडे जुने रिपोर्ट होते ते दातांचे आणि चष्म्याच्या नंबराचे.

या अभ्यासातली खरी अडचण मला त्या दिवशी दिसली आणि मग ती जिथे तिथे दिसू लागली. “आजारापूर्वीच्या तुलनेत थकवा”, “आजारापूर्वीच्या तुलनेत झोप”, “आजारापूर्वीच्या तुलनेत एकाग्रता” अशी प्रश्नावलीची पानेच्या पाने होती, आणि प्रत्येक उत्तर माझ्या आठवणीवर विसंबलेले होते. त्या आठवणीवर, जी स्वतःच आजारातून गेली होती. शिवाय आजारी माणसाला पूर्वीचे दिवस असतील त्याहून सोनेरी दिसतात. मी पूर्वीही दुपारी तीन वाजता जांभया देत होते, हे मला भावाने आठवण करून दिले.

पुढे मार्च २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ या लोकांच्या आरोग्यनोंदींच्या मोठ्या संग्रहातल्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा डॉक्टरांनी तो मला आपणहून दाखवला. ७८५ माणसांच्या मेंदूंचे दोनदा स्कॅन झाले होते आणि त्यांपैकी ४०१ जणांना दोन स्कॅनांच्या मधल्या काळात कोरोना झाला होता. ज्यांना झाला त्यांच्या मेंदूत वासाशी निगडित भागांतला करडा पदार्थ इतरांच्या तुलनेत किंचित अधिक घटलेला दिसला. त्या अभ्यासाचे मोल पहिल्या स्कॅनमध्ये होते. साथ येणार आहे हे कोणाच्या स्वप्नातही नसताना, वेगळ्याच कामासाठी कोणीतरी या माणसांचे ‘आजारापूर्वी’ टिपून ठेवले होते. मला त्या ४०१ जणांचा थोडा हेवाच वाटला.

वासाची चाचणी मलाही होती. फेल्टपेनसारख्या सोळा कांड्या एकेक करून नाकाखाली धरतात आणि चार पर्यायांतून वास ओळखायला सांगतात. वास येत नसला तरी पर्याय निवडावाच लागतो, त्यामुळे डोळे झाकून निवडले तरी चारेक बरोबर येतात. तेवढे गुण नाकाचे नसून नशिबाचे धरायचे. पहिल्या भेटीत माझे सात आले. टर्पेंटाइन आणि चामडे यांत मला काहीही फरक कळला नाही. नव्या छपाईच्या कागदाचा वास येत नाही हे मात्र कोणत्याही कांडीने विचारले नाही, आणि माझ्यापुरते पाहिले तर तोच एक वास कामाचा होता.

आता बुद्धीच्या चाचणीविषयी, कारण माझा मुख्य वाद तिच्याशी झाला. तीस गुणांची ती सुप्रसिद्ध चाचणी आहे: घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगा. सव्वीस वा अधिक गुण सामान्य धरतात. मला अठ्ठावीस मिळाले. समन्वयक बाईंनी “छान!” म्हटले आणि मला रडू यायचे बाकी राहिले, कारण त्याच आठवड्यात माझ्या हातून असे प्रूफ गेले होते की प्रकाशकांनी काळजीने फोन केला होता. ऱ्हस्व-दीर्घ मला पूर्वीइतकेच दिसत होते. दिसत नव्हता तो एका ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा छापलेला ‘आणि’. वाक्याचा कर्ता अनेकवचनी असून चार ओळींनंतर आलेले क्रियापद एकवचनी आहे, हे सुटत होते. अक्षर समोर असते. पण चार ओळी मनात धरून ठेवाव्या लागतात, आणि ती पकड सैल झाली होती. ही चाचणी स्मृतिभ्रंशाची शंका तपासण्यासाठी बनलेली आहे. रोज आठ तास अक्षरांवर जगणाऱ्या माणसाची थोडीशी झीज तिच्या चाळणीतून अलगद खाली पडते.

घरी आल्यावर विचार करता करता लक्षात आले की इथे तरी माझ्याकडे ‘आजारापूर्वी’ आहे. आमच्याकडे प्रत्येक फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच, दोघे वाचतात. माझ्या खुणा तांबड्या, माझ्यानंतर वाचणाऱ्या सहकाऱ्याच्या हिरव्या. म्हणजे प्रत्येक हिरवी खूण ही माझी सुटलेली चूक. जानेवारी-फेब्रुवारीतले दहा फर्मे आणि आजारानंतरचे दहा फर्मे काढले. सहाव्या महिन्याच्या भेटीला तो गठ्ठा घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरांनी तो बाजूला न सारता त्यावर चांगली पंधरा मिनिटे घालवली, आणि मग एकेक आक्षेप घेतला. मजकूर सारखा अवघड आहे का? हिरव्या पेनाचा माणूस तोच आहे का, आणि तुम्ही आजारातून उठलात हे कळल्यावर तो अधिक बारकाईने वाचू लागला नसेल कशावरून? मोजले कोणी? “मीच,” मी म्हणाले. “म्हणजे कोणता गठ्ठा कधीचा हे मोजणाऱ्याला ठाऊक होतं.” मी घरी येऊन सगळ्या तारखा कागदाच्या पट्ट्यांनी झाकल्या, फर्मे पिसले आणि भावाला मोजायला बसवले. जुन्या दहांत मिळून १९ चुका सुटल्या होत्या, नव्या दहांत ८८. फर्म्यामागे दोन आणि नऊ. पहिला आक्षेप तरीही उभाच होता, कारण नव्यांतले तीन फर्मे तळटिपांनी भरलेले होते. हा पुरावा अभ्यासाच्या कोष्टकांत जाऊ शकणार नव्हता. शंभर सहभागींपैकी एकाच बाईकडे असलेले माप इतर नव्याण्णवांना लावता येत नाही. डॉक्टरांनी तो ‘शेरा’ या रकान्यात लिहून घ्यायला सांगितले.

‘आजारापूर्वी’ मिळत नाही तेव्हा संशोधक दुसरा मार्ग धरतात तो तुलनागटाचा. साधारण त्याच वयाची, तशाच परिस्थितीत राहणारी, पण ज्यांना संसर्ग झाला नाही अशी माणसे घ्यायची आणि त्यांना तेच प्रश्न विचारायचे. कारण थकवा, निद्रानाश, विसराळूपणा हे त्या दोन वर्षांत कोरोना न झालेल्यांनाही भरपूर होते. माझा धाकटा भाऊ मोठ्या तोऱ्यात तुलनागटात दाखल झाला. “ताई, मला शिंकसुद्धा आली नाही,” हे त्याचे पालुपद होते. त्याच्या रक्ताचा निकाल आला आणि बाईंनी त्याला फोन करून गटातून वगळल्याचे सांगितले. त्याने घेतलेल्या लशीत विषाणूच्या फक्त काटेरी प्रथिनाची ओळख शरीराला करून दिलेली होती. त्याच्या रक्तात मात्र विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही (अँटिबॉडीज) सापडली. तसली लस घेतलेल्या माणसात ती येतात ती खऱ्या संसर्गातूनच. संपूर्ण निष्क्रिय विषाणू वापरलेल्या लशींच्या बाबतीत हा निष्कर्ष काढता येत नाही. भाऊ कधी तरी, काहीही न होता, कोरोनातून जाऊन आला होता. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले की गेल्या हिवाळ्यापासून त्याचे गुडघे दुखतात त्याचा याच्याशी काही संबंध असेल का. हाच माणूस आठवड्यापूर्वी स्वतःला ठणठणीत म्हणवत होता.

बाई म्हणाल्या की जसजसा काळ जाईल तसतसा निव्वळ तुलनागट मिळणे कठीण होणार, कारण संसर्ग न झालेली माणसेच उरणार नाहीत, आणि ही प्रतिपिंडेही कालांतराने ओसरतात, त्यामुळे न सापडली म्हणून संसर्ग झालाच नाही असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. उलट टोकाला एक गृहस्थ प्रतीक्षागृहात भेटले होते. त्यांना २०२० च्या सुरुवातीलाच ताप, खोकला, वास जाणे सगळे झाले होते; पण तेव्हा तपासण्याच मिळत नव्हत्या. कागद नाही म्हणून त्यांना या अभ्यासात घेता आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या अवस्थेची व्याख्या केली, तिच्यात निश्चित संसर्गाबरोबर संभाव्य संसर्गही धरला आहे, लक्षणे साधारण तीन महिन्यांनी असावीत आणि किमान दोन महिने टिकलेली असावीत, इतरत्र कारण सापडू नये, असे म्हटले आहे. त्या गृहस्थांना व्याख्येत जागा होती, आमच्या अभ्यासात नव्हती. ते कोणावर रागावले नाहीत. प्रश्नावली फक्त वाचायला मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले.

एक तक्रार मात्र मी केली आणि ती नोंदवून ठेवावी अशी आहे. पहिल्या दोन्ही भेटींत मी चालून आल्यावर ठीक होते. घरी गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून हातपाय शिशाचे झाले आणि तिसऱ्या दिवशी मी अंथरुणातून उठले नाही. पहिल्या वेळी हा योगायोग वाटला. दुसऱ्या वेळी मी फोन केला. फोन घेणाऱ्या नव्या मुलीने सांगितले की भेटीचा फॉर्म त्याच दिवशी बंद होतो आणि त्यात “चाचणी सहभागीने व्यवस्थित पार पाडली” अशी नोंद आहे. नोंद खोटी नव्हती. पण श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे हेच ज्या आजाराचे एक मुख्य लक्षण आहे, त्याच्या अभ्यासात फॉर्म संध्याकाळी पाच वाजता मिटत असेल, तर ते लक्षण कागदावर उमटणार कुठे? मी हे लेखी दिले. माझ्याआधी आणखी काहींनी दिले होते, असे नंतर कळले. चार-पाच महिने काही झाले नाही आणि मी मनातून तो विषय सोडून दिला. वर्षाच्या भेटीला गेले तेव्हा टेबलावर नवे संमतिपत्र होते, आवृत्ती तीन. चालण्याच्या चाचणीनंतर दोन दिवसांनी आणि पाच दिवसांनी फोन करून प्रकृती विचारली जाईल, आणि सहभागीला ती चाचणी नाकारून बाकीच्या भेटीत सहभागी होता येईल, अशा दोन दुरुस्त्या कमिटीने मंजूर केल्या होत्या. मला नव्याने सगळे वाचून नव्याने सही करावी लागली. ‘फुप्फुस’ आणि ‘फुफ्फुस’ दोघेही आपापल्या पानांवर सुखरूप होते.

मी चाचणी नाकारली नाही. पुढचे दोन दिवस कामाचे काही ठेवायचे नाही, एवढी तजवीज करून चालत राहिले. अंतर वाढत गेले, ४०१, मग ४३८; पण त्यातले किती फुप्फुसांनी कमावले आणि किती वळसे कसे घ्यायचे याच्या सरावाने, हे सांगणे अवघड आहे, कारण दुसऱ्या खेपेला माणूस थोडे अधिक चालतोच, असा अनुभव आहे. वायू शोषण्याची क्षमता ७४ टक्क्यांवर येऊन तिथेच रेंगाळली. वासाच्या सोळांपैकी बारा. अठराव्या महिन्यापर्यंत प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या ओस पडू लागल्या होत्या. बरे झालेले कामाला लागले म्हणून येत नव्हते, आणि माझ्या ओळखीची एक मुलगी उलट कारणाने, तिला घराबाहेर पडणेच झेपत नव्हते म्हणून. दोन्ही टोके गळाली की मधलेच मोजले जातात. बाई दिवसाकाठी कितीतरी फोन करत, आणि न येणाऱ्यांची निदान प्रश्नावली तरी फोनवर भरून घेत.

शेवटची भेट २०२३ च्या एप्रिलमध्ये झाली. तोच पहिला प्रश्न आला. मागच्या वेळी मी काय सांगितले होते ते दाखवा, अशी विनंती मी केली. पण ती उत्तरे दाखवायची नसतात, नाही तर माणूस जुन्या आकड्याला धरून नवा सांगतो. ते योग्यच होते, आणि मला माझे तीन पाठच होते. उरलेले रक्तनमुने पुढच्या संशोधनासाठी साठवून ठेवायला हरकत नाही, अशा चौकटीत मी खूण केली.

निघताना मी बाईंना विचारले की माझ्या फर्म्यांच्या नोंदीचे पुढे काय झाले. शेरा माझाच होता, त्यामुळे तो दाखवायला त्यांची हरकत नव्हती. कागदावरच्या फॉर्मात तो पूर्ण होता. संगणकात उतरवताना मात्र त्या रकान्यात अक्षरांची मर्यादा असल्याने तुटला होता. पडद्यावर एवढेच दिसत होते: “सहभागी मुद्रितशोधक आहेत. वाचनात चुका सुटण्याचे प्रमाण वाढल्याचे सांगतात व त्याचा पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या कामाची पाने आणली आहेत. त्यांच्या म्हणण्यानुसार आजारापूर्वी”. पुढे कोरे.

बाईंनी जीभ चावली. मग खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, “सांगा ताई, थोडक्यात सांगा.” मी सांगितले आणि त्यांनी टाइप केले: “फर्म्यामागे सुटलेल्या चुका: आधी २, नंतर ९, आता ४.” ते रकान्यात मावले.